पहिली बेस गिटार म्हणून कॉपी, म्हणजे नामांकित मॉडेलची नक्कल, घेतोयस?

छान केलंस! कॉपी आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नकोस. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसचा ढाचा १९५१ चा, तिच्याच जाझ बेसचा १९६० चा, आणि आजही निम्मं जग त्यांच्याच नकला वाजवतं.

आधी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघ. हेडकडून बॉडीकडे एक डोळा मिटून नजर टाक. पीळ दिसला तर सरळ परत दे, मग रंग कितीही आवडलेला असो. साधा बाक ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळीने, निघतो. आपल्या मुंबईच्या दमट हवेत नेक हलतेच, माझी दर जुलैत हलते. रॉड एका वेळी पाव फेराच फिरव, पुन्हा सुरात लाव, मग बघ. जोर लावावा लागला तर थांब. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत जाशील तेव्हा प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजव, घाई करू नकोस. हात लहान असेल तर जाझ घे, तिची नेक नटपाशी (हेडजवळ तारा टेकतात ती पट्टी) अरुंद असते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पहिल्याच महिन्यात महाग पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) घेणं. आधी नव्या तारा आणि नीट सेटअप (नेक, तारांची उंची जुळवणं) कर, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.
- न मोजता पॉट (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) आणणं. स्वस्त कॉपीत बहुधा छोटे पॉट असतात, मोठा त्या भोकात बसत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना पॉट खिशात ठेव.
- तारांना हात लावूनही घरघर कमी होत नाही म्हणून पिकअपला दोष देणं. आधी ब्रिजखालची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाखालची) अर्थची वायर तपास.

प्रीअॅम्प (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) वगैरेबद्दल वर्षभराने बोलू. नेकचा फोटो टाक, बघतो.