आधी हस्तलिखितं बघ, थिअरी नंतर

अगं,

इटलीतल्या ह्युमॅनिस्टांवरच्या संशोधनाचं तुझं प्रपोजल दोनदा वाचलं. मेहनत दिसतेय, पण पहिल्याच पानावर ‘ह्युमॅनिझम म्हणजे माणसाला केंद्रस्थानी ठेवणारं तत्त्वज्ञान’ असं जे ठोकून दिलंयस ना, ते आधी काढ, कारण परीक्षक तिथेच अडवणार तुला. या समजुतीला जोरदार धक्का दिला तो पाउल ओस्कर क्रिस्टेलर या इतिहासकाराने. त्याचं म्हणणं साधं, की पंधराव्या शतकातल्या इटलीत ही मंडळी पोटापाण्यासाठी काय करायची ते बघा. व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य, नीतिशास्त्र हे विषय शिकवायची, नाहीतर कुठल्यातरी राजाचा, नगराचा, पोपचा पत्रव्यवहार सांभाळायची. तर्कशास्त्र, थिऑलॉजी, वैद्यक, कायदा हे विद्यापीठात दुसऱ्यांकडे होतं आणि अ‍ॅरिस्टॉटल तिथे मजेत चालू होता. सगळ्यांना हे पटलं नाहीच. याच विषयाच्या दुसऱ्या दोन अभ्यासकांपैकी गारिनला त्यात नवी जीवनदृष्टी दिसायची, तर बारोनने 1955 मध्ये सगळं फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या राजकारणाशी जोडलं. तिघांनाही वाच, बाजू घ्यायची घाई नको. (मी क्रिस्टेलरच्या बाजूची, पण वाचायला गारिन जास्त मजेदार, हे आपलं आपल्यात.)

आता क्रिस्टेलर हे सगळं कशाच्या जोरावर बोलत होता ते बघ. 1905 चा जन्म, बर्लिनचा ज्यू, तत्त्वज्ञ हायडेगरच्या हाताखाली फिचीनोवर, म्हणजे पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या एका तत्त्वज्ञावर, काम करत होता आणि 1933 मध्ये हिटलर आला, जर्मनीतलं करिअर संपलं. इटलीत गेला, पीसात जर्मन शिकवायची नोकरी मिळाली, तर 1938 च्या वंशकायद्यांनी तीही गेली, मग 1939 मध्ये अमेरिका आणि पुढे अख्खं आयुष्य कोलंबिया विद्यापीठात. पण इटलीतल्या त्या थोड्याशा वर्षांत त्याने लायब्रऱ्या पालथ्या घालून फिचीनोचे न छापलेले मजकूर शोधून 1937 मध्ये छापलेसुद्धा. ज्या लायब्रऱ्यांचे कॅटलॉग अर्धवट आहेत किंवा झालेलेच नाहीत तिथे ह्युमॅनिस्टांची कुठली हस्तलिखितं आहेत याची यादी तो करत राहिला, आणि त्यातून ‘इतेर इतालिकुम’ झालं, पहिला खंड 1963, सहावा 1992. नुसती यादी गं! कादंबरीसारखं वाचायचं पुस्तक नव्हे ते. पण आज या विषयात कुणीही काम करायला बसलं की आधी तेच उघडतं, आणि तुझ्या संदर्भसूचीत ते नाही.

तू ज्यांच्यावर लिहितेयस ते स्वतःही हेच करत होते. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या पोलित्सियानोचंच घे. रोमन वक्ता सिसेरोच्या पत्रांच्या एका हस्तलिखितात बांधणी करताना पानं पुढेमागे झाली होती आणि नंतरच्या ढीगभर प्रतींमध्ये तोच गोंधळ जसाच्या तसा, त्यावरून त्याने 1489 मध्ये दाखवून दिलं की या सगळ्या त्या एकाच प्रतीच्या लेकी-नाती, म्हणजे साक्षीदार म्हणून त्यांची किंमत शून्य. हे वाचलं की मला पुण्याचं भांडारकर आठवतं, सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्यांची कुळं लावली तीही अशाच तर्काने, आणि ते बर्लिनला, याच युरोपीय पद्धतीत शिकलेले, त्यामुळे धागा खराच आहे. आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना जरूर वाच, तुझ्या गाइडने सांगितली नसेल.

वाल्ला या ह्युमॅनिस्टाचं प्रकरण मात्र नीट परत लिही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेचं राज्य दिलं म्हणणारा दस्तऐवज बनावट आहे हे त्याने 1440 मध्ये दाखवलं, त्यातली लॅटिन त्या काळची नाही, रोममध्ये ‘सत्रप’ (हे तर इराणी सुभेदार) कुठून आले, वगैरे. इथपर्यंत बरोबर. पण तू त्याला चर्चशी एकटा लढणारा हिरो केलायस. तेव्हा त्याचा पगार येत होता राजा अल्फोन्सोकडून, आणि अल्फोन्सोचं नेपल्सवरून पोपशी भांडण चालू होतं. पुढे हाच वाल्ला पोप निकोलस पाचव्याकडे नोकरीला लागला आणि त्याच्यासाठी ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसचं लॅटिन भाषांतर केलं! त्याने पुराव्याची किंमत कमी होत नाही, पण माणूस खरा दिसायला लागतो, आणि तुझं दुसरं प्रकरण यातूनच निघेल असं मला वाटतं.

राहिलं लॅटिन. भाषांतरावर भागणार नाही, हे स्पष्टच सांगते. रोज तासभर, सिसेरोची पत्रं, मोठ्याने वाचून. ह्युमॅनिस्टांचं अक्षर सुबक असतं, लवकर जमतं, खरा त्रास समासातल्या घाईघाईच्या टिपांचा आणि शब्दांची संक्षिप्त रूपं लिहायच्या सवयीचा, त्यासाठी कापेल्लीचा संक्षेपकोश शेजारी ठेव. व्हॅटिकनची लायब्ररी आणि फ्लॉरेन्सची लाउरेन्त्सियाना लायब्ररी, दोन्हींची बरीच हस्तलिखितं ऑनलाइन फुकट बघता येतात, इटलीच्या तिकिटाची वाट बघत बसू नकोस. समासात टिपा असलेली एक प्रत निवड, तिची दहा पानं उतरवून काढ, अडलेल्या जागा तशाच मोकळ्या सोड आणि मला पाठव. प्रपोजलचं पहिलं पान त्यानंतर लिही.