हॅम रेडिओचा परवाना आहे; स्वतःच्या कॉलसाइनचा सबडोमेन मिळतो का?

हो, मिळतो. जगभरच्या परवानाधारक हौशी रेडिओ ऑपरेटरांसाठी एएमपीआर.ऑर्ग हे डोमेन आहे. तुमचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी रेडिओवरची ओळख-संज्ञा) त्याच्यापुढे लागतो, म्हणजे 'कॉलसाइन.एएमपीआर.ऑर्ग'. हे डोमेन एआरडीसी (अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स) ही अमेरिकेतली ना-नफा संस्था चालवते.

संस्थेच्या पोर्टलवर खाते उघडा, कॉलसाइन नोंदवा आणि परवान्याची स्वच्छ प्रत चढवा. आपल्याकडे हा परवाना डब्ल्यूपीसी (केंद्र सरकारचा वायरलेस परवाने देणारा विभाग) देते. नुसती एएसओसी (हौशी रेडिओ ऑपरेटर प्रमाणपत्राची) परीक्षा पास असून भागत नाही, कॉलसाइन हातात हवा. खात्यातले नाव परवान्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळू द्या. पडताळणी झाली की सबडोमेन मागता येतो.

याच्याच जोडीला ४४ने सुरू होणारे आयपी पत्तेही मागता येतात. हा पत्त्यांचा गट १९८१ साली हॅम मंडळींना मिळाला, तेव्हा त्यात सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा अॅमेझॉनला विकला गेला. त्यावर बरीच नाराजी झाली, पण त्या पैशातून आज हॅम प्रकल्पांना अनुदाने मिळतात, आणि मला तो सौदा योग्य वाटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इथे धंदा चालवू नका. आणि दुवा रेडिओवरून जात असेल तर मजकूर उघडाच ठेवा, कारण हॅम बँडवर (हौशी रेडिओसाठी राखलेल्या लहरींवर) अर्थ लपवणारे, एनक्रिप्ट केलेले संदेश पाठवायला मनाई आहे. एपीआरएस गेटवे (रेडिओवरून येणारी ठिकाणाची माहिती इंटरनेटवर पोहोचवणारे केंद्र) किंवा पॅकेट नोड (रेडिओवरून डेटा पुढे पाठवणारे केंद्र) यासाठी हा पत्ता उत्तम.