वगळू नकोस

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी उठून परत वाचला. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आता पोकळ वाटतात, देव आपले वाटत नाहीत, फक्त कर्ण आपला वाटतो, कारण त्याच्यासारखंच तुलाही घरच्यांनी डावललंय. आणि शेवटी लिहिलंयस, "हे अध्यात्म आहे की नुसता राग, तेच कळत नाही." हे शेवटचं लिहिलंस म्हणून मी एवढं लांब लिहायला बसलेय.

महाभारत खरंच घडलं का, हा वाद बाजूला ठेव, तुझी अडचण ती नाहीच. मला आधी सांग, कर्ण तू वाचलायस कुठे? रील्समध्ये आणि सिरीयलमध्येच ना? स्वयंवरात द्रौपदी "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणते तो प्रसंग तुझ्या मेसेजमध्ये दोनदा आलाय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढी वर्षं घालवून, ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली, तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाहीये. आणि जे आहे ते तुला कोणी दाखवलेलं नाही. द्यूतसभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो तेव्हा त्याला गप्प बसवतो तो कर्ण, तिला भर सभेत वेश्या म्हणतो तोही कर्ण, आणि पांडवांची नि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगतो तोही तुझा माझा कर्णच.

वाचून माझा राग आला असेल तर येऊ दे. पण हा भाग वगळू नकोस. एवढं एकच सांगायला हे पत्र आहे.

मी वगळला होता, चांगली वीस वर्षं. मला आईवडिलांनी लहानपणीच मावशीकडे ठेवलं, भावंडं घरी आणि मी परक्या घरी, त्यामुळे कर्ण मला आयताच सापडला, रथाचं चाक रुतलं की मी दरवेळी रडायचे. आणि त्याच कर्णाच्या जोरावर मी एकदा घरच्या कार्यात, चार लोकांत, माझ्या वहिनीला तिच्या माहेरावरून नको ते बोलले. ती काही बोलली नाही, हातातलं ताट खाली ठेवून आत गेली. मला तेव्हा वाटलं, मी इतकं सोसलंय, मला बोलायचा हक्क आहे. 41व्या वर्षी सभापर्व पहिल्यांदा सलग वाचलं आणि कर्णाच्या तोंडचं ते वाक्य आलं, तेव्हा मला ते ताट दिसलं. आयुष्यभर देवळात उभी राहिले पण असं कधी झालं नव्हतं. मी याला अध्यात्म म्हणते, तुला दुसरा शब्द सुचला तर तो वापर.

दशमुखी रावण म्हणजे दहा विकार, असले तयार अर्थ मला देऊ नकोस आणि घेऊही नकोस. चुकीचे नसतील, पण ते दुसऱ्याचे असतात आणि त्यात आपल्याला काहीच टोचत नाही.

आता उद्योगपर्वात ये. कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो की तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो, आणि कारण काय देतो बघ. मला वाढवणाऱ्या राधेने माझं मलमूत्र काढलं, तिचं पिंडदान मी कसं टाकू? इतकं साधं बोलतो तो. आणि त्याच बोलण्यात पुढे कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला आज ताप होतो. मी सभापर्व वगळलं होतं म्हणून ही कबुली माझ्या लक्षातच राहिली नव्हती! नुसता बाणेदार नकार तेवढा लक्षात होता.

आणि अधिरथ आठव, राधेचा नवरा, कर्णाला वाढवणारा सारथी. अंगराज्याच्या अभिषेकाने ओलं झालेलं डोकं कर्ण त्याच्या पायावर ठेवायला जातो आणि तो म्हातारा गडबडून वस्त्राच्या पदराने आपले पाय झाकून घेतो. माझी मावशी अशीच होती, मी नोकरीला लागले आणि पहिल्यांदा वाकून नमस्कार केला तर पाय मागे ओढले तिने. तिच्या शेवटच्या आजारात मी दोनच दिवस राहिले. मुलाची परीक्षा होती, रजा संपली होती, हे सगळं खरं आहे, कोणीही विचारलं तर मी हेच सांगेन, मी काही मजा मारायला परत गेले नव्हते. पण ज्या घराने मला दिलं त्याच्यासाठी आयुष्यभर कुढले आणि जिने वाढवलं तिच्यासाठी दोन दिवस.

तुलाही कोणी वाढवलं असेल, आणि कोणाला तरी तूही बोलला असशील. ते मला लिहू नकोस, आधी वाच.

पुस्तक घेऊन जा माझ्याकडून. कर्णपर्वात पानोपानी माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे फार बघू नकोस. सभापर्व कोरं आहे, तिथे तुझ्या खुणा कर.