ॲड्रेस बारमध्ये बँकेचं नाव टाकलं की कधी थेट साइट उघडते, कधी गूगलची यादी येते. असं का?

कारण तो आता नुसता पत्ता लिहायची जागा राहिलेला नाही. पूर्वी शोधाची छोटी चौकट पत्त्याच्या शेजारी वेगळी असायची. 2008 मध्ये क्रोम आला तोच दोन्ही एकत्र करून; पुढे इतरांनीही तेच केलं. सोय झाली खरी, पण तुम्ही पत्ता लिहिलाय की प्रश्न विचारलाय, हे ओळखायचं काम ब्राउझरच्या गळ्यात पडलं.

शब्दांच्या मध्ये स्पेस दिसली की तो शोध धरतो. सलग लिहिलंय, आत टिंब आहे आणि टिंबापुढे कॉम, इन, ऑर्ग असं ओळखीचं काही आहे, तर पत्ता. टिंबाशिवाय एकच शब्द असेल तर बहुधा शोधच. तो पत्ताच आहे असं ठासून सांगायचं तर शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ (/) द्यायची. ऑफिसच्या नेटवर्कवरची पानं मी अशीच उघडतो.

मग तुमची बँक कधीकधी थेट कशी उघडते? हिस्टरीमुळे. त्या साइटवर तुम्ही आधी जाऊन आलेले असता, त्यामुळे दोन-चार अक्षरं टाइप होताच ब्राउझर उरलेला पत्ता स्वतःच भरतो. नीट बघा, भरलेला भाग सिलेक्ट झालेला दिसेल. तेवढ्यात एंटर दाबलं की थेट साइट. स्पेस देऊन पूर्ण नाव लिहीत गेलात की ती भर गळून पडते आणि तुम्ही गूगलवर. नको असलेला जुना पत्ता सारखा पुढे येत असेल, तर कॉम्प्युटरवर खालच्या बाणाने त्याच्यावर जाऊन शिफ्ट-डिलीट दाबा, बहुतेक ब्राउझरमध्ये तो जातो.

टाइप करताना खाली ज्या सूचना येतात, त्यासाठी तुमची अक्षरं एंटर दाबायच्या आधीच सर्च इंजिनकडे जाऊ शकतात. सेटिंग्जमध्ये हे बंद करता येतं. मी केलंय.

बँकेसाठी मात्र बुकमार्कच ठेवा. गूगलच्या यादीत सगळ्यात वर जाहिराती असू शकतात, आणि घाईत पहिल्याच लिंकवर बोट पडतं. पान उघडल्यावर सुरुवातीच्या दोन जोडीच्या तिरक्या रेघा (//) सोडून पहिली एकटी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून. 'अमुकबँक.बँक.इन.केवायसी.टॉप' हा पत्ता बँकेचा नाही, 'केवायसी.टॉप'वाल्याचा आहे, त्याच्या डावीकडे हवं ते त्याला स्वतःच लिहिता येतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक.इन'वर यायला सांगितलं होतं, म्हणजे उजवीकडचा शेवट तोच हवा. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. मधला प्रवास सुरक्षित आहे एवढंच ते सांगतं, आणि तसं कुलूप भामट्यालाही फुकटात मिळतं. मोबाइलवर लांब पत्ता अर्धाच दिसतो, तेव्हा लॉगिनच्या आधी त्यावर टॅप करून तो शेवटपर्यंत सरकवून बघा.