इंदूरला उडवायच्या सेसना १७२ या छोट्या विमानाला १८० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवता येईल का?

मॉडेल १७२आर असेल तर इंजिनाला हात लावायचीच गरज नाही. १७२आर आणि १७२एस, दोघांत लायकमिंगचं आयओ-३६०-एल२ए हेच इंजिन. आरमध्ये ते मिनिटाला २४०० फेऱ्यांवर १६० हॉर्सपॉवर देतं, एसमध्ये २७०० वर १८०. खेळ सगळा पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा! सेसनाच्या किटमधून प्रोपेलर आणि टॅकोमीटर (फेऱ्या दाखवणारा काटा) बदलतात, फेऱ्यांच्या कमाल मर्यादेची लाल रेघ पुढे सरकते.

इंदूरला हा फरक जाणवेलच. विमानतळ साधारण १८५० फुटांवर. मे महिन्यात ४० अंशांला हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ. त्यात पोहे-जिलेबी हाणून दोघं बसलात, की चढाई रडतखडत.

जुनं, ओ-३२० इंजिनवालं विमान असेल तर मात्र इंजिन, प्रोपेलर, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी, वजन-तोलाचा नवा हिशोब, सगळंच आलं. त्यापेक्षा सकाळी लवकर, हवा थंड असताना उडा.