दास, गुलाम, बटीक: कुठे काय लिहावं?

एका भाषांतरातलं वाक्य आणि त्यावरची शंका आली आहे. वाक्य असं: ‘१८६५ मध्ये अमेरिकेतील दासप्रथा संपली आणि दासांना स्वातंत्र्य देण्यात आले.’ विचारणाऱ्याला ‘दास’ खटकतो, ‘गुलामी’ लिहावं तर हिंदी वाटते, आणि ‘दास्य, गुलामगिरी, वेठबिगारी हे सगळं एकच ना?’ अशी पुस्तीही जोडली आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो. इथे ‘गुलाम’ आणि ‘गुलामगिरी’ लिहा. ‘दासप्रथा’ चूक नाही, पण आजच्या मराठी कानाला ती पुरेशी बोचत नाही. माझा खरा आक्षेप वाक्याच्या शेपटावर, म्हणजे ‘देण्यात आले’वर आहे. त्याकडे शेवटी येतो.

‘दास’ मुळात मवाळ नव्हता. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. लढाईत धरून आणलेला तो ध्वजाहृत, विकत घेतलेला तो क्रीत, घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला तो गृहज, अन्नासाठी दास झालेला तो भक्तदास. (इथला ‘भक्त’ म्हणजे भात, अन्न. देवाचा भक्त नव्हे.) नारदस्मृतीत ही यादी पंधरावर जाते. दास सोडायचा विधीही तिथे दिला आहे: धन्याने दासाच्या खांद्यावरचा पाण्याने भरलेला घडा घेऊन फोडायचा, अक्षता आणि फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडायचं, तीनदा ‘अदास’ म्हणायचं आणि पूर्वेकडे तोंड करून त्याला जाऊ द्यायचं. शब्द पाहा, ‘स्वतंत्र’ नाही, ‘अदास’. सुटलेल्या माणसाची ओळखही तो आधी काय होता त्यावरूनच!

मग या शब्दाची धार गेली कुठे? भक्तीत गेली. विष्णुदास, रामदास अशी नावं अभिमानाने घेतली जाऊ लागली आणि दास म्हणजे आपखुशीने वाकलेला माणूस असा अर्थ मुरला. दोन्ही अर्थ एकाच नावात जिवंत दिसतात ते जनाबाईपाशी. ‘नामयाची दासी जनी’ ही नाममुद्रा आपण भक्तीची म्हणून वाचतो, पण दामाशेटींच्या घरी दळणकांडण करणारी बाई हे तिचं रोजचं वास्तव होतं. तिच्या ‘दासी’त नम्रता किती आणि नुसती वस्तुस्थिती किती, हे ज्याने त्याने वाचून ठरवावं.

तेव्हा दास पवित्र आणि गुलाम हीन, अशी वाटणी मात्र करू नका. गुलाम मोहम्मद, गुलाम नबी या नावांत ‘गुलाम’ नेमकं तेच काम करतो जे रामदासात ‘दास’ करतो. शब्द तोच, धनी कोण त्यावर मान ठरतो.

‘गुलाम’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. यात नवल नाही. ग्रीक लोक गुलामाला ‘पाइस’ म्हणत, रोमन ‘प्वेर’, आणि दोन्हींचा अर्थ मुलगाच. अमेरिकेच्या दक्षिणेत केस पिकलेल्या काळ्या माणसालाही ‘बॉय’ अशी हाक मारली जाई. ज्याला मालकीचा ठेवायचा त्याला मोठं होऊच द्यायचं नाही, ही खोड बऱ्याच भाषांची आहे. आपला हरकाम्या ‘पोऱ्या’ही याच जातकुळीतला. आणि गंमत म्हणजे जुन्या पिढीतली माणसं खट्याळ नातवाला लाडाने ‘गुलाम कुठला!’ म्हणत, तेव्हा शब्द नकळत आपल्या अरबी मुळाशी जाऊन पोचत असे.

गुलाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. पण विकत घेतलेला माणूस इथेही होता. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखानाच्या पदरी आला आणि पुढे त्याच राज्याचा सर्वेसर्वा झाला. त्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो, कारण ती वर चढण्याची आहे. पेशवाईतल्या कुणबिणींची कोणी सांगत नाही. त्या काळच्या कागदांत ‘कुणबीण’ म्हणजे शेतकऱ्याची बायको असा साधा अर्थ तर आहेच, पण मालकीची बाई हाही आहे. अशा बायका सरकारी कोठ्यांत, पागांमध्ये, सरदारांच्या आणि सावकारांच्या घरी राबत. काही मोहिमेत धरून आणलेल्या, काही विकत घेतलेल्या, काही बदकर्माच्या आरोपाखाली शिक्षा म्हणून ठेवलेल्या. वय झालं, काम होईनासं झालं की सोडल्याच्याही नोंदी आहेत. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘कुणबीण’चे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसले आहेत. दुसरा आज इतका पुसला गेलाय की सांगितलं तर लोकांना पटत नाही.

‘बटीक’ मात्र टिकली, वेगळ्या वेषात. ‘तपासयंत्रणा सत्तेची बटीक झाली’ असं वाक्य वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी सापडतं. बटीक म्हणजे गुलाम बाई. लिहिणाऱ्याला टीका यंत्रणेवर करायची असते, अपमान तिच्या वाट्याला येतो जिला विकत घेतलं होतं. मी स्वतः हा वाक्प्रचार टाळतो. इतरांनी टाळावा असा हट्ट नाही, पण काय म्हणतोय ते ठाऊक असावं.

वेठबिगारी वेगळी. संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेलं काम, तिची ‘वेठ’ झाली. फारसी ‘बेगार’ तिला येऊन चिकटला आणि एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने नांदू लागले. वेठीला धरलेला माणूस विकला जात नाही, त्याचे श्रम ओरबाडले जातात. कर्जापायी पिढ्यानपिढ्या बांधलेला मजूर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. त्याच्यासाठी १९७६चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे, म्हणून कायद्याबद्दल लिहिताना हाच शब्द ठेवावा. ‘प्रवाशांना वेठीस धरले’ हे आपण संपाच्या बातमीत सहज लिहून जातो, ते इथलंच.

‘गुलामी’ हिंदीकडची वाटते हे खरं, मराठीची सवय ‘गुलामगिरी’ची. फारसीत ‘गरी’ म्हणजे धंदा आणि ‘गीरी’ म्हणजे धरणं, घेणं. मराठीने दोन्ही एकाच ‘गिरी’त घोटले. म्हणून शिपाईगिरी, मुलूखगिरी आणि दादागिरी एका रांगेत उभ्या राहतात. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिलं आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्यांना ते अर्पण केलं, तेव्हापासून या शब्दाचं मराठीतलं वजनच बदललं. अर्पणपत्रिकेत त्यांनी ‘दास्यत्व’ही वापरलं आहे, पण मुखपृष्ठावर घेतला तो रोखठोक शब्द. शूद्रातिशूद्रांची स्थिती अमेरिकेतल्या गुलामांच्या शेजारी मांडायची तर तोच हवा होता.

आता ‘देण्यात आले’. हैतीत, तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, १७९१ साली गुलामांनी उठाव केला, फ्रेंच फौजांना हरवलं आणि १ जानेवारी १८०४ला स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. त्यांना स्वातंत्र्य कोणी दिलं? उलट १८२५ साली फ्रान्सने मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी त्यांच्यावर पंधरा कोटी फ्रँक लादले. ब्रिटनने १८३३च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांना. तो कायदा कंपनीच्या हिंदुस्थानाला लागू नव्हता. इथे १८४३चा कायदा आला, आणि त्यानेही गुलाम बाळगणं गुन्हा ठरवलं नाही, फक्त कोर्टांनी मालकी हक्क मानायचं थांबवलं. म्हणून त्याच्याबद्दल ‘गुलामगिरीवर बंदी घातली’ असं लिहिणं सैल आहे, ‘गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही’ हे नेमकं.

अमेरिकेतही यादवी युद्धात काढलेला लिंकनचा १८६३चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरताच होता. त्याआधीपासून गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे पळत होते, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले होते. देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि तिनेही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला.

तेव्हा व्यक्तीला कायद्याने सोडलं तर ‘मुक्तता’, कोणी निसटलं तर ‘सुटका’, आणि लढून घेतलं असेल तर क्रियापद ‘मिळवले’. ‘मुक्ती’ला मोक्षाचा वास आहे, ती जपून वापरावी. मूळ वाक्य मी असं करीन: ‘१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी रद्द झाली आणि उरलेले गुलामही कायद्याने मुक्त झाले.’ त्यातला ‘उरलेले’ गाळू नका, लाखो जण तोवर आपल्या पायांनी बाहेर पडले होते.