पांदणीसाठी पिकप उचलली, आता चलान आणि वॉरंटी दोन्ही अंगावर

भाऊ, तुमची मेल वाचली, सगळे फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगते. दिग्रस तालुक्यातलं गाव, इलेक्ट्रिक पिकप, हिरव्या प्लेटवर पिवळे आकडे, आरसीवर एकूण वजन ३,४९० किलो आणि रिकामी गाडी २,३४० किलो. शेतात जायची वाट, म्हणजे पांदण, शेजाऱ्याने अक्षय तृतीयेच्या सुमारास नांगरून आत घेतली म्हणून नाल्यातून जावं लागतं, तिथे गाडी फसते, तर तुम्ही नागपूरच्या एका दुकानातून १ लाख ८५ हजारात पुढचा लोखंडी बंपर आणि त्यात विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), टपावर लाइट बार, गाडी तीन इंच उंच करणारं लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवून घेतले. आता चलान आलं, सर्विस सेंटर बॅटरीची वॉरंटी देत नाही, आणि तुम्ही विचारता की ताई, काय काढू, काय ठेवू, टपावरचा कॅरियर आणि बॅटरीखालची प्लेट घेऊ का, आणि पैसे कोणाकडून वसूल करू.

दुकानदार तुम्हाला म्हणाला, "ईव्हीले आरटीओ काही म्हणत नाही." हे कुठून आलं ते मला माहीत आहे. १८ ऑक्टोबर २०१८ ला केंद्राने बॅटरीवर चालणाऱ्या वाहतुकीच्या गाड्यांना परमिटमधून सूट दिली, तेवढंच धरून लोक सांगत सुटतात. ती सूट परमिटची आहे, गाडीत बदल करायची नाही. बदलासाठी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ पेट्रोल, डिझेल, बॅटरी सगळ्यांना सारखंच लागतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल चालणार नाही. तुमच्या चलानवर १८२ए(४) लिहिलंय, त्यात एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि "एकेका बदलाला" म्हणजे बंपर वेगळा, लिफ्ट वेगळी, असं मोजता येतं. म्हणून चलान भरायच्या आधी त्यात कोणकोणते बदल लिहिलेत ते नीट वाचा, जे बसवलंच नाही तेही लिहिलं असेल तर त्याच तारखेचे फोटो जपून ठेवा.

आता एकेक वस्तू. बंपर उद्याच काढा, यात मी तुम्हाला दुसरा रस्ता दाखवणार नाही. ७ डिसेंबर २०१७ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर, म्हणजे अशाच पुढच्या लोखंडी बंपरवर, कारवाई करायला सांगितलंय, कारण धडक झाली तर समोरचा पायी माणूस वाचत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरचं कामही बिघडतं. रात्री आपल्याकडे रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येते म्हणून लोक बंपर लावतात, ती भीती मला कळते, पण त्याच रस्त्यावरून शाळेची पोरं सायकलवर जातात. लिफ्ट किटही काढा, सस्पेन्शन उचलणं म्हणजे गाडीची मूळ रचनाच बदलणं. शिवाय ईव्हीत एवढं वजन खाली असतं म्हणूनच गाडी वळणावर स्थिर राहते, ते वर नेल्यावर नाल्याच्या उतारावर कलंडायचा धोका वाढतो. लाइट बारही काढा, समोरच्याच्या डोळ्यावर तो उजेड मारतो. आणि फोटोत त्याची वायर मूळ वायरिंगला मधेच सोलून टेप गुंडाळून जोडलेली दिसते, सर्विस सेंटरने बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. नारिंगी रंगाची वायर दिसली तर ती हाय व्होल्टेजची असते, तिच्या जवळपास कोणत्याही दुकानातल्या पोराला पक्कड लावू देऊ नका.

टायरचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे दंडापेक्षा जीव महत्त्वाचा. तुमच्या जुन्या टायरच्या बाजूला साइजनंतर ११३ लिहिलंय, नव्यावर १०४. हा लोड इंडेक्स. ११३ म्हणजे एका टायरला १,१५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. मागच्या एक्सलवर दोन टायर, म्हणजे आधी २,३०० किलो पेलत होते, आता १,८००, आणि तुमच्या आरसीवर मागच्या एक्सलचं वजन २,०५० दाखवलंय. टायर दिसायला मोठा आणि दणकट आहे पण तो तुमची भरलेली गाडी पेलायला बनलेलाच नाही. मूळ साइजचे आणि ११३ किंवा वरच्या इंडेक्सचे टायर लावा, चिखलासाठी खाच खोल असलेला नमुना त्यातच शोधा.

वजनाचं गणित कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आरसीप्रमाणे तुम्हाला १,१५० किलोची सोय, त्यात तुम्ही आणि एक गडी दीडशे धरले तर माल १,००० किलो, म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन. बिलाच्या चिठ्ठीवरची वजनं मी जोडली तर बंपर, विंच, टायर वगैरे मिळून २४० किलो होतात. म्हणजे माल साडेसात क्विंटलवर आला. पूर्वीसारखे दहा क्विंटल भरून मार्केट यार्डात निघालात तर गाडी ओव्हरलोड, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये त्याला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जास्तीचा माल तिथेच आपल्या खर्चाने उतरवायचा. टपावर कॅरियर अजिबात घेऊ नका, वजन वाढतं आणि वाऱ्याच्या अडथळ्याने रेंजही घटते. बॅटरीखालची प्लेट घ्यायची तर गाडीच्या कंपनीचीच, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, बॅटरीच्या पेटीला एकही भोक न पाडता, आणि जॉब कार्डवर लिहून घ्या.

आणि काहून गाडीलाच जडवायचं सगळं? जे गाडीला पक्कं बसवत नाही, मागे पेटीत ठेवता, त्याने गाडीची रचना बदलत नाही, वजन तेवढं मोजायचं. चाकाखाली टाकायच्या ट्रॅक्शन पट्ट्या, ओढायचा जाड पट्टा, फावडं, हवेचा छोटा कंप्रेसर, एवढ्यात काळ्या मातीतली बहुतेक फसलेली गाडी निघते. पट्टा मात्र कंपनीने दिलेल्या टो हुकलाच, म्हणजे गाडी ओढायच्या कडीलाच, लावा.

आता पैसे. दुकानदाराने पक्कं बिल दिलं नाही, चिठ्ठी दिली, आणि तुम्ही यूपीआयने पैसे दिले. चांगलं केलं, ते स्टेटमेंट पुरावा आहे, आणि बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथाच आहे. "आरटीओ काही म्हणत नाही" हा व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, तो कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मी करून देईन. आधी नोटीस, मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, दोन वर्षांची मुदत आहे, राहत्या ठिकाणी करता येते, नागपूरला जायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ते म्हणतील माल वाहायची गाडी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. त्याला उत्तर आहे, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात धंद्याची धरत नाहीत, म्हणून सातबारा आणि मार्केट यार्डाच्या माल विकल्याच्या पावत्या जोडू.

सर्विस सेंटरवाल्यांचं "नाही" तोंडी आहे, ते लेखी घ्या, जॉब कार्ड आणि डायग्नॉस्टिक रिपोर्टसकट. टपाच्या लाइटमुळे १२ व्होल्टचं वायरिंग बिघडलं असेल तर तेवढं नाकारू द्या, पण मुख्य बॅटरीची पेटी त्यामुळे कशी खराब झाली ते त्यांनी कारणासकट लिहून द्यावं, हा आपला मुद्दा राहील. विमा कंपनीलाही बदल काढल्यावर लेखी कळवा, अपघात झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

शेवटी ती पांदण, कारण सगळं तिथूनच सुरू झालं आणि मेलमध्ये तुम्ही ती एका ओळीत उरकली. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, त्यावर दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीमार्ग आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. अक्षय तृतीयेला नांगर घातला, आता पोळा होऊन गेला, म्हणजे चार महिने सरले. रस्ता आधी नव्हताच असं निघालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने बांधावरून मागता येईल, पण त्याला वेळ जास्त लागतो. म्हणून बंपर काढायला गाडी सोडली की त्याच दिवशी नकाशाचा अर्ज टाका, पांदणीवर उभं राहून तारखेसकट फोटो काढा आणि त्या वाटेने पूर्वीपासून जाणाऱ्या दोन जुन्या शेतकऱ्यांची नावं मला पाठवा, दावा मी या आठवड्यात लिहिते.